कोयनेचं पाणी आणि एक अंशाची ऊब

कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला जातं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात साधारण ४७५ मीटर खाली उतरतं. समजा, बोगदा नाही, वीजगृह नाही, आणि हेच पाणी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरून धबधब्यासारखं थेट कोकणात कोसळतंय. पायथ्याशी ते आपटेल, फेसाळेल, आवाज करेल आणि शांत होईल. एवढ्या उंचीवरून आणलेली ऊर्जा मग गेली कुठे?

पाण्यातच गेली. ते पाणी थोडं गरम झालं. किती, ते काढता येतं. एक लिटर पाणी ४७५ मीटर खाली आलं की ४.६६ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. म्हणजे अख्खा सह्याद्री उतरून आलेलं पाणी जेमतेम १.१ अंशाने तापेल. बोट बुडवून कळणारसुद्धा नाही.

आणि याच ४.६६ किलोज्यूलवर कोयनेचे संच फिरतात. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह मिळून १,९६० मेगावॉटची क्षमता आहे. आकडा तोच, पण एका रूपात त्यावर गिरण्या चालतात आणि दुसऱ्या रूपात पाणी कोमट झाल्याचंही समजत नाही. ऊर्जा अक्षय असते हे आपण शाळेत पाठ केलं आणि तिथेच थांबलो. आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही, पण रूप बदलताना तिची किंमत उतरत जाते. ती कुठे आणि किती उतरते, हे एकेका टप्प्यावर थांबून पाहू.

आधी माप ठरवून घेऊ. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजे ३,६०० किलोज्यूल. पोफळीच्या हिशोबाने हे एक युनिट तयार करायला किती पाणी लागतं? सगळी ऊर्जा हाती आली असती तर सुमारे ७७० लिटर. बोगद्यातलं घर्षण, टर्बाइन आणि जनरेटर यांतली घट धरली तर ८८० लिटरच्या आसपास. घराच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, तिच्यात याहून थोडंच जास्त पाणी मावतं.

टाकीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी गच्चीच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्यावर वीज करण्याची प्रतिकृती मांडतो. कल्पना चुकीची नाही, आकडा मात्र मांडलेला नसतो. हजार लिटर पाणी १० मीटर खाली आलं तर मिळतात ९८ किलोज्यूल, म्हणजे ०.०२७ युनिट. सगळं हाती आलं असं धरलं तरी दहा वॉटचा एक एलईडी दिवा पावणेतीन तास चालेल. ते पाणी वर चढवताना पंपाने मात्र याच्या दुप्पट-तिप्पट वीज खाल्लेली असते. त्या विद्यार्थ्याला नाउमेद करू नका. त्याला उंची आणि लिटर गुणायला शिकवा, उत्तर त्याचं त्यालाच सापडेल.

आता उलट्या दिशेने जाऊ. हे पाणी ४७५ मीटर उंचीवर चढवलं कुणी? सूर्याने. समुद्राच्या पाण्याची वाफ व्हायला दर लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. आपल्या हाती येतात ४.६६. म्हणजे आपण वापरतो त्याच्या पाचशेपट ऊर्जा सूर्याने त्या एका लिटरवर खर्च केलेली असते. बाकीची वाया गेली म्हणायचं का? नाही. वाफेचे ढग झाले, त्या वेळी ती सगळी उष्णता वरच्या हवेत मोकळी झाली. तापलेली हवा वर चढली आणि खालून आणखी दमट हवा ओढली गेली. पावसाळी वाऱ्यांना जोर येतो त्यात या सुटलेल्या उष्णतेचा मोठा वाटा आहे. कोयनेची वीज ही त्या प्रचंड उलाढालीतली चिल्लर आहे, पण चोख चिल्लर आहे. चोख कशी, ते पोफळीच्या यंत्रात दिसतं.

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची टर्बाइन पेल्टन जातीची आहेत. दाबनलिकेतून उतरलेलं पाणी नोझलमधून बाहेर पडतं तेव्हा हिशोबाने त्याचा वेग सेकंदाला ९६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे ताशी सुमारे ३४५ किलोमीटर. उंचीची ऊर्जा इथे पूर्णपणे वेगाची झाली. हा फवारा चाकाच्या कडेला बसवलेल्या दुहेरी वाट्यांवर आदळतो. प्रत्येक बकेटमध्ये दोन वाट्या जोडलेल्या असतात आणि मधे धार असते. धारेवर फवारा दुभंगतो, वाटीच्या पोटातून वळतो आणि जवळजवळ उलट दिशेने बाहेर पडतो. सगळी खुबी चाकाच्या वेगात आहे. चाकाची कड फवाऱ्याच्या जवळपास निम्म्या वेगाने फिरेल अशी रचना असते. चाक थांबलेलं असेल तर पाणी आलं त्याच वेगाने परत उडेल, काम शून्य. चाक फवाऱ्याइतक्याच वेगाने पळालं तर पाणी त्याला ढकलणारच नाही, काम पुन्हा शून्य. निम्म्या वेगाला मात्र पाणी आपला सगळा वेग चाकाला देऊन टाकतं आणि वाटीतून जवळजवळ निपचित खाली पडतं. पेल्टन चाकाखाली पडणारं पाणी मलूल दिसलं की समजावं, यंत्र नीट चाललंय. ते जोरात उसळत असेल तर वेग आणि भार यांचा मेळ बिघडलाय, किंवा बकेटची धार गाळातल्या वाळूने झिजलीय. ही धार बोथट झाली की फवारा नीट दुभंगत नाही, पाणी उडतं आणि कार्यक्षमता घसरते. म्हणून धार वेल्डिंगने भरून, घासून पुन्हा आकारात आणावी लागते.

इथून बाहेर पडलेलं पाणीही लगेच सोडून देत नाहीत. ते कोळकेवाडीच्या जलाशयात जातं. तिथे शंभर मीटरांहून थोडी जास्त उंची शिल्लक आहे, ती तिसरा टप्पा वापरतो. मग ते वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा खोऱ्यातलं पाणी असं पश्चिमेला किती वळवायचं याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. तेच पाणी पूर्वेला गेलं तर शेतं भिजतात, पश्चिमेला गेलं तर वीज होते. ही निवड गणिताने सुटत नाही, पण गणित माहीत नसताना तिच्यावर वाद घालू नये.

पोफळीतली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. समजा, वीजवाहिनी अचानक तुटली. भार गेला, पण फवारा चालूच आहे. ऊर्जा येतेय आणि तिला जायला वाट नाही, म्हणून चाक वेग घेऊ लागतं. काही सेकंदांत ते आवरलं नाही तर जनरेटरच्या फिरत्या भागावर केंद्रोत्सारी ताण येऊन तो फुटू शकतो. नोझलची सुई झटकन बंद केली तर? मैलोगणती बोगद्यात धावत असलेलं पाणी भिंतीवर आदळल्यासारखं थांबेल आणि त्याची गतिज ऊर्जा दाब होऊन दाबनलिका फाडू पाहील. नळ झटकन बंद केल्यावर पाइप धडधडतो ना, तोच प्रकार, फक्त हजारो पटींनी मोठा. म्हणून दोन सोयी केलेल्या असतात. फवाऱ्यापुढे डिफ्लेक्टर नावाचं पातं असतं, ते एक-दोन सेकंदांत आडवं येऊन फवारा चाकावरून बाजूला वळवतं, आणि मग सुई सावकाश बंद होते. दुसरी सोय म्हणजे बोगद्याच्या टोकाला असलेली उभी विहीर, सर्ज वेल. बोगद्यातलं पाणी थांबताना या विहिरीत वर चढतं, पुन्हा उतरतं, पुन्हा चढतं. वेगाची ऊर्जा उंचीत जाते, परत वेगात येते आणि दर फेरीला थोडी घर्षणात जिरते. तिला जायला वाट करून दिली की ती शांत होते. यंत्रशाळेतले कितीतरी अपघात ही वाट न ठेवल्याने होतात.

इथे टेबलावर सायकलचा जुना डायनामो आहे, ६ व्होल्ट, ३ वॉटचा. दिव्याची तार सोडवून चाक फिरवलं तर हलकं जातं. तार जोडली आणि दिवा लागला की तेच चाक जड होतं. घरी करून पाहा. डायनामोत नवीन काही घर्षण आलेलं नाही. तारेतून प्रवाह वाहू लागला की त्याचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते फिरणाऱ्या चुंबकाला मागे ओढतं. दिव्याला मिळणारा प्रत्येक ज्यूल या ओढीविरुद्ध हाताने केलेल्या कामातून येतो. पुण्यात कुणी इस्त्री लावली की राज्यातल्या सगळ्या जनरेटरांची चाकं कणभर जड होतात. त्या क्षणाला ही ऊर्जा फिरत्या चाकांच्या साठ्यातून येते, त्यांचा वेग कणभर उतरतो, आणि मग गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारी यंत्रणा, नोझलची सुई थोडी उघडतो. आपल्या देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात ठेवायची असते ती याचसाठी. तो आकडा म्हणजे मागणी आणि पुरवठ्याच्या तराजूचा काटा आहे. डायनामोला मोटर आणि मोटरला डायनामो जोडून कायम चालणारं यंत्र दाखवणारे व्हिडिओ फिरतात. त्यात ही ओढ कुठेतरी लपवलेली असते. लपवलेली तार शोधा, सापडेलच.

पोफळीत पाण्याच्या ऊर्जेचा जवळजवळ नव्वद टक्के भाग वीज होतो. आता चंद्रपूरला जाऊ. तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. कोळसा चक्कीत दळून मैद्यासारखा करतात, हवेबरोबर बॉयलरमध्ये उडवतात, वाफ साधारण ५४० अंशांपर्यंत तापते आणि टर्बाइन फिरवून कंडेन्सरमध्ये ४० अंशांच्या आसपास पुन्हा पाणी होते. अशा केंद्राचा ढोबळ हिशोब असा: कोळशातून १०० भाग उष्णता निघाली तर १३ बॉयलरमध्येच जातात. चिमणीतून गरम वायूंबरोबर, कोळशातल्या ओलाव्याची वाफ करण्यात, राखेत उरलेल्या न जळलेल्या कोळशात. वाफेत ८७ येतात. त्यातले ४९ कंडेन्सरमधून थंडाव्याच्या पाण्यात आणि तिथून कूलिंग टॉवरमधून हवेत जातात. वीज होते ३८. केंद्राचे स्वतःचे पंप, पंखे, चक्क्या ३ खातात. बाहेर पडतात ३५. राखेचं प्रमाण जास्त असलेला आपला कोळसा धरला तर एका युनिटला सुमारे ६५० ग्रॅम.

पोफळीत नव्वद आणि इथे पस्तीस. इथले इंजिनिअर कमी पडतात असं मुळीच नाही. फरक ऊर्जेच्या जातीत आहे. वारीतली दिंडी डोळ्यापुढे आणा. हजारो माणसं, पण पावलं एका दिशेने. त्यांच्या वाटेत पाण्याचं चाक ठेवलं असतं तर ते फिरलं असतं. आता जत्रेतली गर्दी आठवा. तितकीच माणसं, तितकीच चालतायत, पण प्रत्येकाची दिशा वेगळी. गर्दीतलं चाक कधी इकडून ढकललं जाईल, कधी तिकडून. पडत्या पाण्याचे रेणू दिंडीसारखे असतात, उष्णतेतले रेणू जत्रेतल्या गर्दीसारखे. गर्दीतून काम काढायचं तर एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ गर्दी लागते, म्हणजे तापमानात फरक लागतो. आणि काही उष्णता थंड बाजूला सोडून द्यावीच लागते. तापमानं शून्याखाली २७३ पासून मोजली तर वाफ ८१३ आणि कंडेन्सर ३१३. या दोन आकड्यांमध्ये कितीही आदर्श यंत्र बसवलं तरी ६१ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. हे फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच दाखवलं. प्रत्यक्षात ३८ मिळतात, कारण वाफ पात्यांवरून जाताना गोंधळते, गळते, आणि सगळी उष्णता काही ५४० अंशांवर आत शिरत नाही.

कूलिंग टॉवरमधून निघणारा पांढरा ढग बघून लोक धूर म्हणतात. तो धूर नव्हे, ती ४९ भागांची उष्णता घेऊन जाणारी वाफ आहे. ती हवेत सोडणं हा हलगर्जीपणा नाही. हलगर्जी असते ती वेगळीकडे: कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार चढू देणं, निर्वातात हवा शिरू देणं, बॉयलरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा सोडणं. कंडेन्सर दोन-चार अंश जरी जास्त गरम राहिला तरी त्याच कोळशात वीज कमी होते.

वीज तयार झाली की ती पुन्हा चोख, दिंडीच्या जातीची. तिला गर्दीत बदलणारी पहिली जागा म्हणजे तार. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, दहापट केला की तीच शक्ती एक दशांश प्रवाहात जाते आणि तारेतली घट एक शतांश होते. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी धन-ऋण ५०० किलोव्होल्टवर, म्हणजे दोन टोकांत मिळून १,००० किलोव्होल्टवर चालते. तिच्यातून १,५०० मेगावॉट जाताना प्रवाह अवघा १,५०० अँपिअर असतो. लांबच्या मोठ्या वाहिन्यांत त्यामुळे फार थोडं जातं. खरी गळती शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये होते, डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंत.

आता त्या विहिरीवर जाऊ, कारण महाराष्ट्रात ऊर्जेचा सगळ्यात जास्त गैरहिशोब इथे होतो आणि त्याचा चटका शेतकऱ्याला बसतो. पाच अश्वशक्तीची मोटर घ्या. ती भरभक्कम भारावर सुमारे ४.४ किलोवॉट वीज घेते. त्यातले ०.६५ किलोवॉट वाइंडिंग आणि पत्र्यांच्या तापण्यात जातात. शाफ्टवर ३.७ च्या आसपास येतात. पंप ५५ टक्के कार्यक्षम असेल तर पाण्याला २.०५ मिळतात. उरलेले पाण्याच्या घुसळण्यात. पुढे तीन इंची पाइप दोनशे मीटर असेल तर सेकंदाला ६ लिटर पाणी नेताना घर्षणात पाच मीटर उंचीइतकी ऊर्जा जाते, म्हणजे ०.२८ किलोवॉट. शेवटी पाणी ३० मीटर वर चढवण्यात खरंच लागलेली शक्ती उरते १.७७ किलोवॉट. घेतलेल्या विजेच्या चाळीस टक्के.

आणि ही चांगली बसवलेली मोटर झाली. पैसे वाचवायला तीनऐवजी अडीच इंची पाइप टाकला तर? व्यास घटला की घर्षण त्याच्या पाचव्या घाताने वाढतं. तेवढाच प्रवाह ठेवायचा म्हटलं तर पाच मीटरचे बारा मीटर होतात. दोन इंची टाकला तर ते अडतीसवर जातात, म्हणजे विहिरीची उंची दुप्पट केल्यासारखं. प्रत्यक्षात पंप तेवढा रेटू शकत नाही, पाणीच कमी येतं, आणि मग "मोटर कमजोर आहे" म्हणून साडेसात अश्वशक्तीची आणली जाते. पाइप एकदाच घ्यायचा असतो, वीज रोज लागते. फूटव्हॉल्व गळत असेल तर दर वेळी पाणी भरून पंप चालू करावा लागतो. पाण्याच्या पातळीपासून पंप सहा-सात मीटरांहून वर बसवला तर शोषणाच्या बाजूला पाण्याचेच बुडबुडे होतात आणि ते फुटताना पंखा खातात. हवेच्या दाबाने पाणी कितीही आदर्श परिस्थितीत १० मीटरच्या थोडंच वर चढतं, ही हद्द कुठल्याही कंपनीच्या पंपाला ओलांडता येत नाही.

व्होल्टेजचं दुखणं तर घरोघरचं आहे. ४१५ व्होल्टच्या जागी ३४० मिळाले की मोटरची पीळ देण्याची ताकद दोन तृतीयांशावर येते. काम तेवढंच असल्याने ती प्रवाह सुमारे सव्वापट ओढते आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपट होते. वाइंडिंगच्या इन्सुलेशनचं आयुष्य दर दहा अंशांना अंदाजे निम्मं होतं. मोटर एका दिवसात जळाली असं वाटतं, पण ती तीन महिने हळूहळू जळत असते. तीनपैकी एक फेज गेला तर मात्र गोष्ट मिनिटांची असते. उरलेल्या तारांत प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो आणि उष्णता तिप्पट. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा आणि तो वायरने बायपास करू नका.

आणि ऑटोस्विच. रात्री वीज येते, शेतकऱ्याची झोप मोडू नये म्हणून तो लावलेला असतो, त्याची अडचण खरी आहे. पण ऊर्जेचं गणित असं: थांबलेली मोटर चालू होताना फिरता भाग आणि पाणी दोन्हींना वेग द्यायचा असतो, त्या क्षणी प्रवाह नेहमीच्या सहापट जातो. शंभर केव्हीएच्या डीपीची क्षमता सुमारे १४० अँपिअर. तिच्यावरच्या पंधरा मोटरी चालू असताना ११०-१२० अँपिअर घेतात, हे ती झेपवते. सगळ्या ऑटोस्विचवर एकदम सुटल्या तर मागणी साडेसहाशेच्या पुढे. व्होल्टेज कोसळतं, त्यामुळे मोटरी वेग पकडत नाहीत, त्यामुळे प्रवाह सहापटच राहतो, आणि फ्यूजच्या जागी जाड तार असेल तर डीपीचं तेल उकळतं. उपाय साधा आहे: प्रत्येकाने ऑटोस्विचला वेगवेगळ्या मिनिटांचा टाइमर लावायचा. एकेका मिनिटाचं अंतर पुरतं. सोबत योग्य मापाचा कॅपॅसिटर बसवला तर तारेतला फुकटचा प्रवाह कमी होऊन शेवटच्या विहिरीला व्होल्टेज बरं मिळतं. कॅपॅसिटरने स्वतःच्या मीटरवरची युनिटं निम्मी होतात असं विकणारे सांगतात, ते खरं नाही. फायदा लाइनीला होतो, आणि लाइन सगळ्यांची आहे.

आता पोफळीतल्या ८८० लिटर पाण्याशी हे जोडून बघा. तिथे एका युनिटसाठी ८८० लिटर पाणी ४७५ मीटर उतरलं. विहिरीवर त्या एका युनिटने सुमारे ४,९०० लिटर पाणी ३० मीटर चढवलं. लिटर आणि मीटर गुणले तर उतरलेले ४ लाख १८ हजार आणि चढलेले १ लाख ४७ हजार. वाटेतली गळती धरली तर तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. बाकीचं सगळं ऊब झालं: तारांत, पत्र्यांत, पंखाघरात, पाइपच्या भिंतींवर.

स्वयंपाकघरात तर आपल्याला ऊबच हवी असते, तरीही हिशोब चुकतो. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. ६८ टक्के कार्यक्षम शेगडीवर हे दहा ग्रॅम गॅसमध्ये होतं. पण त्याच लिटरची पूर्ण वाफ करायला आणखी २,२६० किलोज्यूल लागतात, सातपट. उकळी आल्यावर पाण्याचं तापमान वाढत नाही. मोठी ज्योत फक्त वाफ वाढवते. बटाटे मोठ्या आचेवर लवकर शिजत नाहीत, खिडकीची काच तेवढी लवकर ओली होते.

कुकर याच अडचणीवर तोड आहे. दाब वाढवला की उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत चढतो, आणि शिजण्याचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट धरला तर काम चौपट वेगाने होतं. पण वजन उचललं गेलं की तापमानाची हद्द आली. मोठ्या बर्नरवर भांड्यात दीड किलोवॉट शिरत असेल तर दर मिनिटाला ४० ग्रॅम पाणी शिटीतून बाहेर जातं. म्हणून पहिली शिटी होईपर्यंत आच मोठी, मग बारीक, इतकी की वजन अधूनमधून फुसफुसेल. शिट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजावीत. डाळ निम्म्याच्या वर भरली तर फेस वाफेच्या नळीत अडकतो, दाबाला वाट राहत नाही आणि मग सुरक्षा झडप वितळण्यावर जीव अवलंबून असतो. कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का ते बघायचं. एवढंच, पण रोज.

ज्योत पिवळी झाली तर बर्नरमध्ये हवा नीट मिसळत नाही. भोकं तुंबलेली असतात किंवा हवेचं तोंड बंद झालेलं असतं. अर्धवट जळालेल्या गॅसची काजळी भांड्याच्या बुडाला बसते, उष्णता आत शिरायला अडते आणि ज्वाळेचे गरम वायू बाजूने निसटतात. इथे काजळीने खरंच गॅस जास्त लागतो. गिझरच्या कॉइलवर क्षार चढला की बिल वाढतं, असंही म्हणतात. तिथे गोष्ट वेगळी आहे. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता जाणार कुठे? पाण्यातच. बिलात फारसा फरक पडत नाही. फरक कॉइलला पडतो. क्षाराच्या थराआड ती जास्त तापते आणि एक दिवस तुटते. ऊर्जेला दुसरी वाट आहे का, हा प्रश्न विचारला की दोन्हींतला भेद उलगडतो.

त्या गिझरकडे नीट बघू. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६१ युनिट लागतं. यंत्र म्हणून गिझर जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम. पण चंद्रपूरपासून मोजलं तर त्यासाठी अर्धा किलोच्या आसपास कोळसा जाळला गेला, पस्तीस टक्क्यांची चोख वीज मोठ्या मुश्किलीने काढली, आणि तिची पुन्हा गर्दी करून टाकली. हे पैठणीचं पोतेरं आहे. आंघोळीच्या पाण्याला ४२ अंश पुरतात. ते गच्चीवरच्या सौर बंबातून सरळ मिळतात, कारण ऊन भांड्यावर पडून ऊब होणं हा ऊर्जेचा स्वाभाविक उतार आहे, त्याला यंत्र लागत नाही. विजेनेच पाणी तापवायचं असेल तर हीट पंप आहे. तो विजेची उष्णता करत नाही, विजेने उष्णता वाहून आणतो. एका युनिटमध्ये बाहेरच्या हवेतून दोन युनिटं उचलून पाण्यात तीन टाकतो. फ्रिज हेच उलट करतो, म्हणून फ्रिजचं दार उघडं टाकून खोली गार होत नाही, गरम होते. मागच्या जाळीतून आतली उष्णता अधिक मोटरची वीज, दोन्ही बाहेर पडतात.

घाटघरचा प्रकल्प मात्र बाहेरून बघणाऱ्याला कोड्यात टाकतो. तिथे १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत आणि तेच उलटे फिरून कोकणातल्या खालच्या धरणातलं पाणी घाटमाथ्यावर चढवतात. अशा केंद्रात शंभर युनिटं घातली की पंचाहत्तरच्या आसपास परत मिळतात. पंचवीसचा तोटा करून घ्यायला एवढं बांधकाम कशाला? कारण वीज तारेत साठत नाही. दुपारी सौर पॅनल भरभरून देतात तेव्हा युनिट स्वस्त असतं, संध्याकाळी सातला घरोघर दिवे लागतात तेव्हा तेच महाग. ऊर्जेला जागेइतकीच वेळेचीही किंमत असते. दुपारच्या शंभरांपेक्षा सातच्या पंचाहत्तरांची गरज मोठी असू शकते.

शेवटचा प्रश्न उरतो तो या सगळ्या उबेचा. तारेतली, पंपातली, कूलिंग टॉवरमधली, भातावरच्या वाफेतली, अगदी दिव्याचा भिंतीवर पडून जिरलेला प्रकाशसुद्धा. ती साचत का नाही? ती रात्रंदिवस अदृश्य अवरक्त किरणांनी आकाशात निघून जाते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि ढगाळ रात्री उकाडा राहतो तो याचमुळे, कारण ढग आणि काही वायू ही वाट अंशतः अडवतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्याने नेमकी हीच वाट अरुंद होते आहे. येणं-जाणं जवळजवळ सारखं असतं, फरक रूपात असतो. सूर्याकडून ऊर्जा साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागाचा प्रकाश होऊन येते. पृथ्वी ती सरासरी उणे अठरा अंशांच्या वस्तूसारखी अवरक्त किरणांत परत पाठवते. आलेल्या एकेका प्रकाशकणामागे सुमारे वीस लहान, दुबळे कण बाहेर पडतात. त्या एकाचे वीस होण्याच्या मधल्या वाटेत कधीतरी शिवसागरावर पाऊस पडतो.